टूसीटर सर

सरांच्या गाडीत शेजारच्या सीटवर ज्वारीचं अर्धं पोतं बसलेलं असायचं. पट्टा बांधून. तोंड सुतळीनं शिवलेलं, आणि कलंडू नये म्हणून एका अंगाला जुनी उशी खोचलेली. रविवारी सकाळी दहाच्या सुमारास सर गाडी गल्लीतून बाहेर काढायचे. बाजाराला निघालेल्या बाया भिंतीला टेकून वाट द्यायच्या, आणि साठ वर्षांची ती हिरवी, बुटकी, दोन सीटची इंग्रजी गाडी पोत्यासकट पाथरीच्या रस्त्याला लागायची. तासा-दीड तासानं परत यायची. पोतंही परत यायचं. सेलूसारख्या बाजारपेठेच्या गावात माल बाहेर नेऊन तसाच घरी आणणाऱ्या माणसाबद्दल लोकांनी काय म्हणावं? लोक त्यांना टूसीटर सर म्हणत, आणि तेवढ्यावर सोडून देत.

आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या वर्गाला शिकवून ते निवृत्त झाले होते. पत्नी वारलेल्या, मूलबाळ नाही, एक पुतण्या होता तो गावाकडे शेती बघायचा. घर दोन खोल्यांचं आणि त्याला लागून घरापेक्षा मोठी पत्र्याची शेड. सर राहायचे शेडमध्ये, झोपायला तेवढे घरात जायचे.

मी सेलूला सरकारी जमीन मोजणीच्या कामावर रुजू झाले तेव्हा एकटी होते. गाव बोरी. रोज जाऊन-येऊन जमण्यासारखं नव्हतं, म्हणून खोली शोधायला निघाले. प्रत्येक दारात आधी नाव विचारायचे, मग आडनाव, मग गाव, मग गावातली गल्ली. गल्लीपर्यंत गेलं की पुढचं न विचारता कळतं. तीन ठिकाणी खोली कालच कोणाला तरी दिलेली निघाली. चौथ्या ठिकाणी मिळाली, पण भिंतीवर मी निळ्या कोटातला फोटो लावला त्या दिवसापासून मालकीणबाईंकडून येणारा सकाळचा चहा बंद झाला. भांडण नाही, शब्द नाही. चहा तेवढा येईना.

असे आठ-दहा दिवस गेल्यावर दोन घरं पलीकडचे सर माझ्या दारात येऊन उभे राहिले. पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, नखांत काळं तेल. त्यांनी नाव विचारलं नाही, आडनावही नाही. म्हणाले, "मॅडम, तुमचं वजन किती हाय?"

मी इतकी गडबडले की खरं उत्तर देऊन बसले. त्रेपन्न किलो.

"पोत्यापेक्षा दोन किलो कमी. चालंल," ते म्हणाले, आणि मग उंबऱ्याबाहेर उभं राहूनच त्यांनी सगळं समजावून सांगितलं. गाडी दोन माणसांसाठी बनवलेली. एकट्यानं चालवली की एका अंगाला जड होते, मग वळणावर डावीकडे वेगळी वागते, उजवीकडे वेगळी. म्हणून शेजारी वजन लागतं. पोतं वजनाचं काम करतं, पण पोत्याला काही विचारता येत नाही. गाडी कुठं कलंडल्यासारखी वाटली, पोटात कुठं ढवळलं, हे माणसानंच सांगावं लागतं. गल्लीत त्यांनी कोणाकोणाला विचारून पाहिलं होतं. लोक हसले होते.

"छत काढूनच जाऊ," ते निघताना म्हणाले. "समद्यांना दिसलं पायजे कोण बसलंय ते. मंजे कुणी काय बोलायचं न्हाई."

लोक बोलायचे ते बोललेच. पण भर दिवसा, उघड्या गाडीत, वडिलांच्या वयाच्या माणसाशेजारी हातात वही-पेन घेऊन बसलेल्या बाईबद्दल फार काळ बोलत राहणं त्यांनाही जमलं नाही. पोतं शेडच्या कोपऱ्यात गेलं. पुढे ती ज्वारी सरांनी दळून आणली.

गाडी मूळची एका जिनिंगच्या मालकाच्या मुलाची. त्यानं ती हौसेनं मुंबईहून आणली, दोन-चार वर्षं फिरवली आणि तो परदेशात निघून गेला. जिनिंगच्या शेडमध्ये ती कापसाच्या पुंजक्यांखाली कितीतरी वर्षं पडून होती. जिनिंग मोडीत निघाली तेव्हा भंगारवाल्याच्या आधी सर पोचले. इंजिन जाम होतं. मग सरांनी स्टिअरिंग धरलं आणि गल्लीपर्यंत धक्का मारत आणली ती दोन हमालांनी आणि सरांच्या पत्नीनं, सुमनबाईंनी. हे सर गाडीखालून अर्धे बाहेर येऊन सांगत होते. "तिनं धक्का दिला. बसली न्हाई कधी. गाडी सुरू झाली तवा ती नव्हती." एवढंच, आणि ते पुन्हा गाडीखाली सरकले.

आता परभणी जिल्हा म्हणजे सपाट काळी जमीन. रस्ते आमच्या मोजणीच्या फितीसारखे सरळ. वळणांसाठी बनवलेली गाडी घेऊन सर अशा मुलखात राहत होते जिथे वळणच सापडत नाही. पाथरीच्या रस्त्यावर त्यांच्या मते कामाची वळणं चार. त्यातलं एक लग्नसराईत मांडवांच्या गर्दीमुळे बाद. दुसऱ्यावर कोणीतरी कडबा वाळत घालायचं. राहिली दोन, त्यातलं कालव्याजवळचं त्यांचं लाडकं. त्या एका वळणावरून आम्ही किती वेळा गेलो असू याचा हिशेब नाही. जायचं, पुढे जाऊन वळवायची, परत यायचं. शेतातली माणसं पहिले काही रविवार काम थांबवून बघायची, नंतर त्यांनी बघणं सोडलं.

शेडच्या भिंतीवर तीन लोखंडी दांडे टांगलेले होते, दोन्ही टोकांना वाकवलेले. पाच सुती, सहा सुती, सात सुती. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. हा दांडा गाडीच्या पोटाखाली पुढच्या दोन चाकांना जोडून आडवा बसतो. त्याला स्वे बार म्हणतात, सर नुसतं बार म्हणायचे. वळणावर गाडी एका अंगाला झुकायला लागली की बार पिळला जातो आणि तिला सावरून धरतो. पाच सुती बार गाडीबरोबर आलेला, बाकीचे दोन सरांनी ट्रकच्या जुन्या पोलादातून स्वतः घडवलेले. कोणता चांगला, हा प्रश्न त्यांना कित्येक वर्षं पडलेला होता, आणि तो दुसऱ्या कोणालाही पडलेला नव्हता.

मी ऑफिसातला ओळंबा आणला आणि समोरच्या फळीवर कोनमापक लावून त्याला टांगला. वळणावर दोरी किती अंश सरकते ते मी वाचायचे आणि वहीत लिहायचे. सरांना ती युक्ती फार आवडली. पण पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं की वळणात ओळंबासुद्धा बाहेर फेकला जातो, तेव्हा आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही. "आकडा खोटा हाय. पण दोन आकड्यांतला फरक खरा हाय," ते म्हणाले. मी सरकारी मोजणीत इतकी वर्षं काढली, पण मोजण्याबद्दल इतकं नेमकं मला ऑफिसात कोणी सांगितलं नव्हतं.

सात सुती बार घातला तेव्हा गाडी जवळजवळ झुकेनाशी झाली. मला वाटलं, हाच चांगला. सरांनी मान हलवली. त्यांनी मुद्दाम डावं चाक एका खड्ड्यातून नेलं, आणि गाडीचं सगळं पुढचं अंग हादरलं. म्हणाले, "बार जाड केला की गाडी झुकत न्हाई. पण मग एका चाकाचा खड्डा दुसऱ्या चाकाला कळतो." कळू नये का, असं मी विचारलं. त्यांनी विचार केला. "थोडा कळावा," म्हणाले. शेवटी सहा सुती बार कायम झाला.

स्वभावानं ते गोड नव्हते. एकदा गल्लीतल्या एका घरचे लोक वरातीसाठी गाडी मागायला आले. नवरा-नवरीला उघड्या गाडीतून मिरवायचं होतं. सर तयार झाले, आणि मग नवऱ्याचं वजन विचारलं. ते ऐकून त्यांचा चेहरा उतरला, तरी हो म्हणाले. पण वरात तीन तास चालणार आणि गाडी बँडच्या मागे पावला-पावलानं न्यायची, हे कळल्यावर त्यांनी सरळ नकार दिला. इंजिन तापेल, क्लच जळेल. त्या घरच्यांनी ते मनात ठेवलं. पुढे त्या गल्लीतल्या लग्नांच्या पत्रिका सरांच्या दारावरून पुढे जायला लागल्या. माझ्याही. आम्हा दोघांना जेवणावळीची आमंत्रणं नसायची, त्यामुळे लग्नाच्या तिथीला रविवार आला तर आम्हाला वेळच वेळ असायचा.

बार ठरल्यावर सरांनी रॅकचा विषय काढला. स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला लहान दातेरी चाक असतं, ते एका दातेरी दांड्याला डावी-उजवीकडे सरकवतं आणि त्यानं पुढची चाकं वळतात. तो दांडा म्हणजे रॅक. सरांच्या गाडीचा मूळ रॅक संथ होता. चाकं या टोकापासून त्या टोकाला न्यायला स्टिअरिंगचे साडेतीन फेरे लागायचे. पर्याय तीन. मूळचाच रॅक झिजलेले बुश बदलून वापरायचा. नाहीतर अडीच फेऱ्यांचा तेज रॅक मागवायचा, जो हाताला जड जातो, पण हात हलला की गाडी हलते. तिसरा म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या लहान गाडीचा रॅक कापून बसवायचा. असं करणाऱ्यांना सर माणसात धरत नसत. संथ की तेज, हा विचार त्यांनी वर्षभर केला. मी डबा घेऊन शेडमध्ये जेवायला बसायचे तेव्हा ते भाकरीचा तुकडा हातात धरून एकदम म्हणायचे, "तेज घ्यावा का?" मी घ्या म्हणायचे. मग ते पंधरा दिवस गप्प.

शेवटी पुण्याच्या एका माणसामार्फत त्यांनी तेज रॅक मागवला. सात महिन्यांनी आला. पार्सल उघडून ते घरी गेले नाहीत, सरळ माझ्या ऑफिसात आले आणि नकाशांच्या टेबलावर तो ठेवून तेलकट कागद सोडवायला लागले. मोजणीच्या तारखेसाठी आलेले चार-पाच शेतकरी भोवती जमले. सर त्यांना बोटानं एकेक दात दाखवत होते. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, हे कशाला लागतं?"

"वळायला."

"किती वळायचं हाय तुमाला?"

कोणी हसलं नाही, म्हाताऱ्यानंही टोमणा मारला नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. सरांनी रॅक पुन्हा कागदात गुंडाळला आणि काखेत धरून निघून गेले.

तो बसवल्यानंतरचा पहिला रविवार मला स्वच्छ आठवतो. कालव्याच्या वळणावर सरांनी मनगट जरासं फिरवलं आणि गाडी आत शिरली, जणू तिला आधीच ठाऊक होतं. बाहेर आल्यावर ते हसले. दोन वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. परत येताना त्यांनी पाथरी नाक्यावर गाडी थांबवून दोन चहा सांगितले, आणि टपरीवाल्यालाही रॅक बदलल्याचं सांगितलं. टपरीवाला बरं म्हणाला.

असे चार-सहा महिने फार चांगले गेले. मग गाडी भटकायला लागली.

वळणावर नाही, सरळ रस्त्यावर. पुढचं तोंड इकडे-तिकडे अगदी बारीक डुलायचं. "रॅक सैल बसला," सर म्हणाले, आणि त्यांनी तो उतरवून पुन्हा बसवला. फरक पडला नाही. मग जोड बदलले, टायर बदलले. दोरी ताणून चाकांची रेषा तपासली, त्याला मी मदत केली, रेषा बरोबर होती. सहा सुती बार काढून पाच सुती घातला, पुन्हा सहा सुती घातला. "गाडी भटकायलीय मॅडम, तुमाला कळायलंय का?" ते विचारायचे. मी कळतंय म्हणायचे. दर सोमवारी त्यांना नवीन शंका यायची, दर शनिवारी ती फिटायची, आणि रविवारी गाडी पुन्हा डुलायची.

मला कारण आधीच कळलं होतं. पाना नटावर बसताना आवाज एकदाच होतो. सरांचा पाना आता बसण्याआधी दोन-तीनदा वाजायचा. सदऱ्याची वरची दोन बटणं ते उघडी ठेवायला लागले होते. चहा अर्धाच ओतायला सांगायचे. हे सगळं मी बघत होते आणि बोलत नव्हते. त्यांना वाईट वाटेल म्हणून, असं मी स्वतःला सांगायचे. पण तेवढंच कारण नव्हतं. रविवार गेला तर मला त्या गावात काय उरलं असतं? बंद खोली, आणि भिंतीपलीकडे दुसऱ्यांच्या घरचे आवाज.

मग एका रविवारी सर म्हणाले, "तुमी चालवा. मी भाईर हुबा राहून चाकं बघतो." मला गाडी येत होती. माझा भाऊ बोरीला पिकअप चालवायचा, त्याच्यावर मी शिकले होते. कालव्याच्या कडेनं एक मुरमाचा रस्ता जातो, सरळ, आणि थंडीत त्यावर पिठासारखी धूळ बसते. आम्ही नुकतेच त्यावरून आलो होतो. मी गाडी पुढे नेली, वळवली, परत आणली आणि सरांपाशी थांबवली. ते चाकांकडे बघत नव्हते. खाली बघत होते.

धुळीत दोन प्रकारच्या खुणा पडल्या होत्या. येतानाच्या, आम्ही दोघं बसून आलो तेव्हाच्या, बारीक लाटा काढत गेलेल्या. आणि त्यांच्या शेजारी माझ्या एकटीच्या, सरळ. तीच गाडी, तोच रॅक. सर त्या दोन रेषांवरून बरंच अंतर चालत गेले आणि परत आले. मी गाडीतून उतरले नाही. उतरले असते तर काहीतरी बोलावं लागलं असतं.

ते माझ्या दाराशी आले. उजव्या हाताचा पंजा त्यांनी डाव्या हातात धरला होता.

"रॅक चांगला हाय," ते म्हणाले. "त्याच्यात काय न्हाई."

मग वळसा घालून ते डाव्या सीटवर येऊन बसले आणि मी गाडी घरी आणली. गाडी शेडमध्ये लावल्यावर त्यांनी विचारलं, "तुमाला ठाऊक होतं?" मी हो म्हटलं. ते रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "चार महिने जोड बदलू दिले मला." आणि आत गेले. पुढचे दोन रविवार शेडचं दार बंद होतं. दार वाजवायची हिंमत मला झाली नाही.

तिसऱ्या रविवारी दार उघडं होतं, आणि त्यांनी मला परभणीला डॉक्टरांकडे येणार का म्हणून विचारलं. आम्ही रेल्वेनं गेलो. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. औषधानं आवरेल, जाणार नाही. सरांनी एकच प्रश्न विचारला, तो दोन्ही हातांत सारखा वाढतो का. डॉक्टर म्हणाले, सहसा एक बाजू पुढे असते. येताना डब्यात बसायला जागा मिळाली नाही, दाराशी उभे होतो. बऱ्याच वेळानं सर म्हणाले, "मंजे गाडी एकाच अंगाला वढंल." मी हसले, आणि मग माझं तोंड दाराबाहेर फिरवावं लागलं.

त्यांनी तेज रॅक काढून जुना संथ रॅक परत बसवायला घेतला. हे एका दिवसाचं काम. त्याला चार रविवार लागले. मी बॅटरीचा उजेड धरायचे, नट उचलून द्यायचे. पाना मला द्या, असं एकदाही म्हणायचं नाही, हे मला कळत होतं. शेवटचा नट आवळून ते गाडीखालून बाहेर आले आणि तिथेच फरशीवर बसून राहिले. म्हणाले, "संथ हाय, संथ हाय म्हणून लय नावं ठेवली ह्याला. संथ हाय म्हणूनच हातातलं समदं चाकापतूर पोचू देत न्हाई."

त्या रॅकवर त्यांनी आणखी वर्षभर गाडी चालवली. सरळ चालवली. लोकांना काही कळलं नाही. मग एका सकाळी गाडीजवळ आल्यावर त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि डाव्या बाजूनं चढले.

ते रविवार मला सगळ्यांत जास्त आठवतात. शेजारी बसलेले सर वेगळेच होते. गिअर कधी टाकायचा, वळणाच्या किती आधी पाय काढायचा, हे पहिले काही दिवस सांगितलं आणि मग सोडून दिलं. ते बाहेर बघायला लागले. त्या रस्त्यानं हजारदा गेलेल्या माणसाला रस्त्याच्या कडेला काय आहे हेच ठाऊक नव्हतं. एकदा म्हणाले, "ही विहीर कवा पाडली इथं?" मी सांगितलं की माझ्या ऑफिसातल्या नकाशात ती चाळीस वर्षांपासून आहे. ते मागे वळून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. मग सीताफळाची झाडं दिसली, एक पडकं जकातघर दिसलं, हळदीचं एक शेत दिसलं. "लय काय काय हाय की," असं ते स्वतःशीच म्हणाले. वाटायचं, आता विचारावं, सुमनबाईंना घेऊन असे कधी का गेला नाहीत, बसनं का होईना. विचारलं नाही.

मग माझी बदली झाली. किनवटला. आदेश आला तेव्हा मी आधी शेडमध्ये गेले. सर स्टुलावर बसून तेज रॅकला तेलाचं बोट फिरवत होते. मी सांगितलं. त्यांनी तारीख विचारली, सामान किती आहे विचारलं, टेम्पो ओळखीचा बघून देतो म्हणाले. निघायच्या दिवशी टेम्पो भरून झाल्यावर मी त्यांच्या पाया पडले. इतक्या वर्षांत त्यांनी मला मॅडमशिवाय हाक मारली नव्हती.

"ताई," ते म्हणाले, "तिकडं घाट हाय म्हणतात."

"हो सर."

"वळणं असतील लय."

"असतील."

त्यांनी मान हलवली. थरथरणारा हात माझ्या डोक्यावर ठेवला, आणि तो स्थिर राहावा म्हणून की काय, जरा जास्तच जोरानं दाबला.

किनवटला मी एक साधी जुनी चारचाकी घेतली. तिथे जंगलातून जाणारे रस्ते आहेत आणि वळणांना खरोखर तोटा नाही. रविवारी दहाला सरांचा फोन यायचा. तब्येतीचं विचारलं की बरं आहे म्हणायचे आणि लगेच वळणांकडे यायचे. कोणतं वळण, किती अंतराचं, रस्ता आत कललेला आहे की बाहेर, गाडी किती झुकते. मी त्या आठवड्यात फिरलेल्या रस्त्यांचं वर्णन करायचे आणि ते पलीकडून हं, हं म्हणत ऐकायचे. पुढे त्यांचा आवाज बारीक होत गेला. शब्द एकमेकांना चिकटायला लागले. मला तीच गोष्ट दोनदा विचारावी लागायची, आणि त्यांना ते आवडायचं नाही.

एका रविवारी ते म्हणाले, "गाडी गेली." कोल्हापूरकडचा कोणी हौशी माणूस येऊन ट्रेलरवर घालून घेऊन गेला होता. तेज रॅक त्यानं आवर्जून मागून घेतला होता. मी विचारलं, मला आधी का सांगितलं नाही. मग ते सावकाश, एकेक शब्द सोडवत म्हणाले, "तुमी आला असता. मग मी दिली नसती."

त्यानंतर फोन कमी झाले. माझ्याकडूनही झाले. रविवारी मोजणीची राहिलेली कामं निघायची, कधी बोरीला जावं लागायचं, कधी जंगलात रेंज नसायची. फोनवर चुकलेला कॉल दिसायचा आणि उद्या करू म्हणून राहून जायचा. पुढे कॉल येणं थांबलं तेव्हा मला वाटलं, त्यांना बोलायला त्रास होत असेल. आणि मी तेच खरं धरून चालले, कारण ते सोपं होतं.

सर गेल्याचं मला अकरा दिवसांनी कळलं. सेलूच्या ऑफिसातल्या एका शिपायाचा दुसऱ्याच कामासाठी फोन आला होता, बोलता बोलता तो म्हणाला, मॅडम, ते तुमच्या गल्लीतले गाडीवाले सर वारले की. मला कळवायचं कोणी आणि का? पुतण्याला माझं नाव माहीत असायचं कारण नव्हतं.

मी गेले. किनवटहून सेलू, एकटी, गाडी चालवत. दुपारी पोचले. मयताच्या घरी भेटायला जायचं तर घरात कोणीतरी असावं लागतं, ज्याच्याजवळ बसावं, ज्याला कसं झालं म्हणून विचारावं. सरांच्या घराला कुलूप होतं. पुतण्या दहावा उरकून गावाकडे गेला होता. शेडचं दार उघडंच होतं आणि आतून रिकामं होतं. भिंतीवर तीन खिळे तेवढे होते. मी ओट्यावर बसले. माझ्या जुन्या मालकीणबाई मुलाकडे राहायला गेल्याचं ऐकून होते. गल्लीत ओळखीचं कोणी दिसेना.

समोरच्या घरातून एक तरुण बाई बाहेर आली. नव्यानं राहायला आलेली असावी. कडेवर लहान मूल. तिनं थोडा वेळ माझ्याकडे बघितलं, मग आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला आणि माझ्यापुढे ठेवला. कोणाकडे आलात म्हणून विचारलं. मी कुलपाकडे हात केला.

"ते तर वारले," ती हळू आवाजात म्हणाली. "तुमचे कोण होते ते?"

मी पाणी प्यायले. वडील म्हणावं तर ते नव्हते. गुरू म्हणावं तर त्यांनी मला वर्गात शिकवलं नव्हतं. नात्याचे नव्हते, जातीचे नव्हते, गावचे नव्हते. ती वाट बघत उभी होती.

"मी त्यांच्या शेजारी बसायचे," मी म्हणाले.

"हां, मंजे शेजारी," ती म्हणाली, आणि तिला उलगडा झाला.

मी हो म्हटलं. तांब्या परत दिला आणि गाडीकडे गेले.